उलट्या बाजूचा धागा

कपडा हातात आला की काका आधी तो उलटा करायचे. भोक मागाहून बघायचे. "आतून किती शिल्लक हाय ते पाहू दे वं. बाहेरून त सारेच फाटके."

गांधीबागेत कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर ते रफूचं काम करत. भिंतीपलीकडे आमच्या कामगार संघटनेची पत्रकं छापायची खोली. जमिनीवर बसून उजवा गुडघा उभा, त्यावर कापड ताणलेलं, आणि सुईत त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून ओढलेला धागा. परका धागा चालत नसे. असा हट्टी कारागीर तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्याशी वाद घालून पाहा एकदा.

बासष्टाव्या वर्षी तोच गुडघा बिघडला. वर्षभर त्यांनी तेल चोळलं. शेवटी भांडून मी त्यांना रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हाडाच्या लहानशा भागाचा रक्तपुरवठा बंद होऊन तेवढा भाग मेला होता, वरची कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, तीही खचली होती. सांधा बदलता आला असता, पण मग जमिनीवर बसणं सुटलं असतं, म्हणजे कामही. दुसरा उपाय म्हणजे गुडघ्याच्या ज्या कडेवर भार येत नाही तिथून कूर्चेसकट हाडाचे बारके तुकडे काढून मेलेल्या जागी बसवायचे. या वयात सहसा करत नाहीत, पण खड्डा लहान आहे, करून पाहू, असं बाई म्हणाल्या.

काका खूश. "म्हंजे रफूच! आपल्याच शिवणीतला धागा. मले समजलं, बाई."

तिथेच घात झाला.

ऑपरेशन नीट पार पडलं. "सहा आठवडे पाय टेकवायचा नाही," बाईंनी तीनदा बजावलं. मी तेच ठळक अक्षरांत छापून त्यांच्या खाटेसमोर चिकटवलं.

"वाचलं का, काका?"

"वाचलं न. तुही सारीच पत्रकं वाचतो मी. मानतो कोण?"

हाड जिवंत असतं, रुजायला वेळ लागतो, हे सांगून माझा घसा बसला. ते हसायचे. "रफू झाला का कपडा त्याच दिवशी अंगात घालतेत. गिऱ्हाइकाले सहा हप्ते थांब म्हटलं असतं त उपाशी मेलो असतो."

चौथ्या आठवड्यात माळ्याच्या जिन्यावर पावलं वाजली. काका! काठीसुद्धा नाही. हातात माझा कुडता. ऑपरेशनआधीचं त्यांचं शेवटचं काम. मी तो त्यांच्या घरून न्यायला विसरले होते.

"काहून आलात?" मी ओरडलेच.

"उद्या तुही सभा हाय न? फाटक्या कुडत्यानं भाषण करतं का वं?"

"सभा कामगारांच्या आजारपणाच्या रजेवर आहे, काका!"

"मंग त कुडता चांगलाच पाहिजे."

बसवलेले तुकडे सैल झाले. अखेर सांधा बदलावाच लागला. आता ते सावनेरला लेकीकडे असतात, दिवसभर खुर्चीत. परवा फोनवर मी पुन्हा भांडले. ते एवढंच म्हणाले, "खुर्चीवर हात चालत नाही वं."

माझा राग गेलेला नाही. कुडता मात्र मी घालते. भोक कुठं होतं ते उजेडात धरूनही सापडत नाही. उलटा केला की आतल्या शिवणीत, जिथून धागा काढला, तिथली विरळ रेघ तेवढी दिसते.