न घेतलेल्या बढतीचा फ्लेक्स

बढती नाकारायची असेल तर माणसाने शिडीवर चढू नये, हे मी स्वानुभवाने सांगतो.

अंबडच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग बनतात. प्रेस मशीनची डाय, म्हणजे साचा, धाडकन खाली येते, सपाट पत्रा वाकडा होतो, पुन्हा धाडकन, पुन्हा वाकडा. या धाडधाडीवरचा मी सुपरवायझर. शिफ्ट सुटली की स्कूटर काढायची, सिडकोतल्या घरी यायचं, चहा घ्यायचा आणि दिवसभर ऐकलेली धाडधाड विसरून पेपरातलं शब्दकोडं अर्धवट सोडवायचं. (पूर्ण सोडवलं तर दुसऱ्या दिवशी त्याच कोड्यावर अभिमानाने बोलावं लागतं. नकोच ते.)

अशा सुखी माणसाला एका शुक्रवारी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मालक म्हणजे साठे साहेब. शांत माणूस. दुसऱ्याची झोप उडवतानाही आवाज चढवत नाहीत.

"देवरे, प्रॉडक्शन मॅनेजर व्हा."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. कारण आधीचे मॅनेजर जोशी मला आठवले. जोशी रुजू झाले तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते आणि चेहऱ्यावर हसू. पुढे आधी केस गेले. मुलीच्या लग्नात अक्षता पडत असताना हा माणूस फोनवर "चार नंबरची डाय बदला!" म्हणून ओरडत होता. (भटजी क्षणभर थांबले होते.) आता ते दिंडोरीकडे सासऱ्यांच्या द्राक्षबागेत असतात आणि कोणाचाही मोबाइल वाजला की वेलीआड जातात, असं ऐकतो.

"साहेब, विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"करा. सोमवारी सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर भामरे आहेतच."

आता हे भामरे कोण? तर माझ्याच हाताखाली आलेला, माझ्याच डब्यातली चटणी खाऊन मोठा झालेला मुलगा. डायची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे त्याला मी शिकवलं. तो मला 'सर' म्हणतो. उद्या मी त्याला 'सर' म्हणायचं?

घरी येऊन सुनीताला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा."

(विवाहित पुरुषांना या वाक्याचा अर्थ सांगायची गरज नाही. अविवाहितांना सांगून उपयोग नाही.)

"तरी पण, तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? एवढंच सांगते, घेतलीत तर घरी येऊन माझ्यावर ओरडायचं नाही. आणि नाही घेतलीत, तर भामरे साहेब झाल्यावर घरी येऊन उसासे टाकायचे नाहीत. मागच्या वेळी ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, ते आठवा आणि मग काय ते करा."

शनिवार मी विचार करण्यात घालवला. सकाळी बढती घेतली, जेवताना सोडली, दुपारी लवंडून पुन्हा घेतली आणि संध्याकाळी सुनीताने बीपीची गोळी पाण्यासकट पुढ्यात ठेवली तेव्हा कायमची सोडली. ठरलं! नाही म्हणायचं. कारण ब्लडप्रेशर. भामरे होईना का साहेब, मला रात्री झोप तर लागेल. इतकं हलकं वाटलं, की मी शब्दकोडं पूर्ण सोडवलं.

पण तोवर व्हायचं ते झालं होतं. सुनीताने फोनवर सटाण्याला तिच्या आईला सांगितलं होतं, "यांना मॅनेजर करतायत, पण अजून ठरलं नाही." आईने ते बापूला सांगितलं. बापू म्हणजे सुनीताचा भाऊ, माझा मेहुणा. नामपूरच्या कांदा मार्केटात असतो आणि कोणत्याही चांगल्या बातमीच्या मागे मोटारसायकल लावतो. बातमी सटाण्यापर्यंत तरी जशीच्या तशी गेली असावी. बापूपाशी पोचेपर्यंत मी मॅनेजर झालो होतो.

रविवारी सकाळी दूध आणायला निघालो आणि चौकात मला मी दिसलो.

चांगला बैलगाडीएवढा दिसलो! बांबूच्या चौकटीला बांधलेला फ्लेक्स, त्यावर फेटा बांधलेला मी. बापूच्या लग्नातला फोटो होता. पण लग्नात मी काळा गॉगल घातला नव्हता, तो फ्लेक्सवाल्याने पदरचा घातला होता. मागे डरकाळी फोडणारा सिंह. त्याच्यावर ठळक अक्षरांत: 'कंपनीचे सर्वेसर्वा, आमचे दाजी मा. श्री. अशोकराव देवरे यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली 'शुभेच्छुक' म्हणून बापूचा फोटो, माझ्याहून जरासा मोठा, आणि त्याखाली नामपूर मार्केटातल्या समस्त मित्रांचे चेहरे. त्यातला एकही मला ओळखत नव्हता. सगळे मात्र माझ्या यशाने गहिवरलेले दिसत होते.

फ्लेक्सखाली कमरेवर हात ठेवून साक्षात बापू उभा होता.

"दाजी! कसं वाटतंय?"

"बापू, अरे मी बढती घेतलेलीच नाही!"

"मग घ्या ना. फ्लेक्स तं लागला."

"मी नाही म्हणणार आहे, उद्या!"

बापूचा चेहरा पडला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "असं करता का दाजी? फ्लेक्स लागल्यावर माघार घेत नाय कोणी. आमच्या गल्लीत एकाचा फ्लेक्स चुकून लागला, तो बिचारा त्यापायी सरपंचकीला उभा राहिला."

"आणि हे 'सर्वेसर्वा' काय आहे? मालक साठे साहेब आहेत ना!"

"तिथं लय जागा उरली होती, दाजी. 'प्रॉडक्शन मॅनेजर' लिहून दोन्हीकडनं उघडं दिसत होतं."

"आत्ताच्या आत्ता उतरव."

"माझ्या हातानं? नाय जमणार. ताईला काय तोंड दाखवू? अन् मला निघायचंय, उद्या मार्केट हाय." असं म्हणून तो मोटारसायकलवर बसला आणि गेलासुद्धा! जाताना वळून फ्लेक्सला (मला नव्हे) त्याने नमस्कार केला.

आता हा फ्लेक्स मीच उतरवायला हवा होता. चौकातच शेखचाचांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्यांच्याकडून शिडी मागितली.

"मुबारक हो, देवरे साहेब!" चाचांनी शिडी देतादेता हात मिळवला. "पेढे कुठेत?"

"चाचा, तसं काही नाही. उतरवायचाय तो."

"का? इतका मस्त आलाय फोटू. तुम्ही प्रत्यक्षात एवढे चांगले दिसत नाही."

शिडी लावली. चाचांनी खालून धरली. मी चढलो आणि डावीकडची वरची दोरी सोडली.

इथे माझी चूक झाली. खालच्या दोऱ्या आधी सोडायला हव्या होत्या. वरची सुटताच तो कोपरा लटकन पुढे आला, फेट्यासकट मी कमरेत वाकलो आणि माझं नाक थेट बापूच्या मिशीवर जाऊन टेकलं. समोरच्या टपरीवर चहा पिणारी मंडळी कप हातात धरून बघायला लागली.

"साहेब," चाचा खालून म्हणाले, "हे लय वाईट दिसतंय. निवड झाली आणि लगेच मेव्हण्याच्या पाया पडले, असं वाटतंय."

टपरीवर कोणीतरी हसलं. आता खरं सांगतो, त्या क्षणी मी बाकीच्या दोऱ्या सोडल्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं. पण भर चौकात आपलं तोंड असं लोंबकळताना बघवत नाही हो! शत्रूचं बघवेल, स्वतःचं नाही. म्हटलं, आधी हा कोपरा नीट बांधू, मग पद्धतशीर खालून सुरुवात करू. मी दोरी ओढली. कोपरा वर गेला, मी ताठ झालो. दोरीला दोन गाठी मारल्या. तेवढ्यात दिसलं, की गॉगलच्या काचेवर कावळ्याने घाण केली आहे. मी खिशातून रुमाल काढला, तोंडाची वाफ मारली आणि गॉगल पुसू लागलो.

"डावीकडे अजून थोडं राहिलंय," मागून एक शांत आवाज आला.

मी तसाच वळलो. खाली गाडी उभी होती. गाडीची काच उतरली होती. खिडकीत साठे साहेब. शेजारी बाईसाहेब, मागे नातवंडं. रविवारची मिसळ खायला निघाले होते.

"साहेब! मी... हा फ्लेक्स उतरवत होतो!"

साहेबांनी रुमालाकडे पाहिलं. ताज्या गाठींकडे पाहिलं. मग सावकाश मोठ्याने वाचलं, "कंपनीचे सर्वेसर्वा."

"ते मेहुण्याने..."

"सिंहही छान आहे," साहेब म्हणाले. "उद्या भेटू." काच वर गेली.

शेखचाचा हळहळले. "साहेब, निदान रुमाल तरी लपवायचा ना!"

सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून केबिनमध्ये गेलो. आंघोळ करताना वाक्य पाठ केलं होतं: 'साहेब, आपण विश्वास दाखवलात, आभारी आहे, पण ब्लडप्रेशरमुळे ही जबाबदारी मला झेपणार नाही.' नेमस्त, नम्र, शेवटी किंचित खोकला. दारात सुनीतानेही बजावलं होतं, "आत शिरल्या शिरल्या बोलून टाका. गप्पा मारत बसू नका."

मी तोंड उघडलं, पण साहेबांनी हात वर केला.

"देवरे, आधी माझं ऐका. मी फेरविचार केलाय. ते पद तुम्हाला द्यायला नको."

"नको?" मी विचारलं.

"काल तुम्हाला पाहिलं आणि वाटलं, या माणसाला पदाची हौस फार. हौशी माणूस ताणाखाली लवकर मोडतो. शिवाय तुम्हाला ब्लडप्रेशर आहे म्हणे. भामरेंना देतो. ते थंड डोक्याचे आहेत."

इथे मी "बरं साहेब" म्हणून उठायला हवं होतं! मला हवं होतं ते साहेबांनी ताटात वाढून, वर तूप घालून पुढे केलं होतं. नकार देण्याचा वाईटपणासुद्धा त्यांनी स्वतःकडे घेतला होता. मी उठलोदेखील.

पण माझ्या तोंडून शब्द आले, "भामरे?!"

"हो. का?"

"साहेब, भामरे थंड नाही, गार आहे! मशीन बंद पडलं तर हा आधी चहा सांगतो! मागे डाय उलटी बसली तेव्हा कोणी धावाधाव केली? मी! रात्रपाळीचा भांडणतंटा कोणी मिटवला? मी! आणि माझं ब्लडप्रेशर? कोण म्हणतं मला ब्लडप्रेशर आहे?" माझी कानशिलं तापली होती, कपाळाची शीर ताडताड उडत होती. "मला काहीही झालेलं नाही! ठणठणीत आहे मी!"

"पण रात्रीअपरात्री फोन येतील, देवरे."

"येऊ देत! उशाशी घेऊन झोपेन!"

"रविवार जातील."

"रविवारी मला असतंच काय काम!"

"जोशींचं काय झालं, पाहिलंत ना?"

"जोशी कच्चे होते, साहेब!"

बाहेर मशीनची धाडधाड चालू होती आणि आत माझी. शेवटी साहेबांनी सुस्कारा टाकला. मला वाटतं, सुस्काऱ्याआड ते हसले असावेत, पण मी तेव्हा टेबलावर मूठ आपटत होतो, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

"बरं बाबा, घ्या," ते म्हणाले. "एवढं म्हणताय तर घ्या."

मी विजयी वीरासारखा बाहेर आलो. भामरेकडे एक नजर टाकली. त्याने धावत येऊन हात जोडले आणि म्हणाला, "सर, लई उपकार झाले!" त्याचा चेहरा फाशी रद्द झालेल्या माणसासारखा खुलला होता. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

घरी आलो. सुनीता दारातच उभी होती.

"काय झालं?"

"मिळालं!" मी छाती फुगवून म्हणालो. "सोपं नव्हतं, पण भांडून मिळवलं."

"काय मिळवलं?"

"मॅनेजरचं पद."

पदराने हात पुसत तिने अगदी हळू विचारलं, "अहो, तुम्ही तर नको म्हणायला गेला होतात ना?"

"हो गं," मी खाली बसत म्हणालो, "पण ते आधी म्हणाले!"