एकाच नावाच्या दोन कुकी

गिरिजा इनामदारला सरमिसळ खपत नसे. लोणच्याचा चमचा मुरांब्याच्या बरणीत गेला तर अख्ख्या घराला कळायचं. नवऱ्याची, अच्युतची, बदली झाली म्हणून ती सांगलीहून चंदीगडला आली आणि शेजारच्या पंचकुल्यातल्या एका खासगी रुग्णालयात संगणकांचं काम बघू लागली.

तिथे दोन वेब अ‍ॅप होती. एकात नर्स रुग्णांच्या नोंदी लिहायच्या, दुसऱ्यातून औषधं मागवायच्या. दोन पत्ते लक्षात ठेवण्याचा वैताग नको म्हणून गिरिजानं पुढे प्रॉक्सी बसवली. म्हणजे बाहेरून पत्ता एकच, कोणी कुठल्या अ‍ॅपकडे जायचं ते प्रॉक्सी बघणार. सगळ्यांनी वाहवा केली.

थोड्याच दिवसांत मेट्रन गिल मॅडमनी तिला विचारलं, "त्या नर्स सरोजच्या नोंदी गायब असतात. म्हणते, अपने आप उड़ जाता है. सिस्टीममें कुछ है क्या?"

गिरिजानं लॅपटॉपवर दोन्ही अ‍ॅप चालवून पाहिली. चोख. "सिस्टीम ठीक है जी," ती म्हणाली.

"मग हिला वॉर्डातून काढते. लिहायचा कंटाळा, दुसरं काय!"

ते वाक्य गिरिजाच्या मनात रुतून बसलं. दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात सरोजच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

सरोज एका आजोबांची नोंद लिहीत होती. लिहिता लिहिता तिला त्यांचा ताप खटकला. तिनं लगेच दुसरं अ‍ॅप उघडलं, लॉगिन केलं, औषध मागवलं आणि परत येऊन 'सेव्ह' दाबलं. पडद्यावर आलं : पुन्हा लॉगिन करा. लिहिलेलं सगळं गेलं.

"देखा जी?" सरोजचा आवाज चिरकला. "मी खोटं बोलते का?"

गिरिजानं ब्राउझरमध्ये काय साठलंय ते उघडून पाहिलं. लॉगिन केलं की अ‍ॅप ब्राउझरकडे ओळखीची चिठ्ठी ठेवतं, ती कुकी. या दोन्ही अ‍ॅपच्या चिठ्ठ्यांचं नाव एकच होतं. पत्ते वेगळे होते तोवर चिठ्ठ्याही वेगळ्या राहायच्या. पत्ता एक झाला आणि नवी चिठ्ठी जुनीच्या जागेवर बसू लागली. मग पहिलं अ‍ॅप म्हणणार, ही कोण? काल आपल्याला हे कसं दिसलं नाही? तर आपण मेलं एक अ‍ॅप एका ब्राउझरमध्ये आणि दुसरं दुसऱ्यात उघडतो. टापटीप!

तिनं दोन्ही कुकींना वेगवेगळी नावं दिली, प्रत्येकीला तिच्याच अ‍ॅपचा मार्ग आखून दिला. चहा निवायच्या आत काम झालं.

"दुरुस्त केलंस ना? मग झालं," संध्याकाळी अच्युत म्हणाला. "कोण विचारतंय तुला?"

"मला कुणी नाही रे. सरोजला विचारतायत ना."

सकाळी ती सरोजला घेऊनच मेट्रनसमोर उभी राहिली. "सिस्टीम ठीक नव्हती. चूक माझी होती, हिची नाही."

"मग बाकीच्यांचं कसं नाही उडालं?"

"त्या आधी सगळं लिहून सेव्ह करतात, औषधं शेवटी मागवतात. बाहेर फेकल्या गेल्या तरी त्यांचं काही जात नाही. ही रुग्णाला थांबवत नाही, मध्येच मागवते."

गिल मॅडम सरोजकडे वळल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "जा पुत्तर, ड्यूटी बघ. याच वॉर्डात."

बाहेर आल्यावर सरोज हसली नाही.

"मॅडमजी, काल संध्याकाळपासून मीही औषधं शेवटीच मागवायला लागले होते. नौकरी का सवाल था."

गिरिजा चरकली. "आता नका तसं करू. पहिल्यासारखंच करा. अब नहीं उड़ेगा, पक्का."

सरोजनं तिच्याकडे नीट पाहिलं. "दोन-चार दिवस बघते जी," ती म्हणाली, "मग करते."

गिरिजानं मान हलवली. वॉर्डात वळणाऱ्या सरोजच्या मागोमाग तीही गेली आणि स्टूल ओढून बसली.