उरलेली अर्धी दुआ

फुफी कधी नीट बसल्याचं मला आठवत नाही. टेकायची, पण ती अशी, की उंबऱ्यावर जेमतेम बूड, एक चप्पल पायात आणि दुसरी हातात. चहा दिला तर उभ्यानंच घोट घ्यायची, तोंड भाजून घ्यायची आणि वर चहालाच शिव्या घालायची. "अगं, जरा बस की!" म्हटलं की म्हणायची, "बसले असते गं, पन तिकडं कडावात एकीची अर्धी राहिलीय."

फुफी म्हणजे आत्या. पण ही माझी सख्खी आत्या नव्हे, खालापूरपासून कर्जतपर्यंत सगळ्यांचीच फुफी. आणि अर्धी म्हणजे अर्धी दुआ. आमच्यात दुःखाच्या वेळी एक दुआ म्हणतात. आधी 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन', आम्ही अल्लाचे आणि त्याच्याकडेच परत जाणार. हे सगळेच म्हणतात. पण पुढे आणखी आहे: या दुःखाचा मोबदला मला दे, आणि गेलं त्याच्या जागी त्याहून चांगलं दे. मयतीच्या घरी फुफी हे अरबीत सांगायची, मग मराठीत. "अरबी अल्लासाठी, मराठी तुज्यासाठी." पुष्कळांची जीभ त्या पुढच्या भागाशी अडायची. फुफी जबरदस्ती करत नसे. "राहू दे अर्धी," म्हणायची, "मी येते परत." आणि खरंच यायची. ज्यांची ज्यांची अर्धी राहिली होती त्यांच्या दारी खेटे घालण्यातच तिचा जन्म चालला होता.

पायी दमली की पेंढ्याच्या गाडीवर चढून बसे. कडावचा धोंडू गाडीवान तिला हमखास चिडवायचा, "फुफे, नीट धर गं. पडलीस तर तुजी दुआ मलाच म्हनावी लागंल."

"म्हन की! माज्याहून चांगली मिळंल तुला, तोंड मिटून बसनारी."

"तशी नगं बाबा," धोंडू म्हणायचा, "वाट सरायची नाय."

एका वर्षी तापाच्या साथीत माझा नवरा गेला. लग्नाला धड तीन वर्षंही झाली नव्हती. मी भावाच्या घरी खालापुरात आले. फुफी आली, मला जवळ घेतलं, पहिली अर्धी माझ्याकडून म्हणवून घेतली. पुढच्या शब्दांना मी दात आवळले.

"त्याहून चांगलं? कुणाहून? फुफी, तू त्याला बघितलं होतंस ना?"

"बघितलं व्हतं गं. लाखात एक व्हता."

"मग?"

"मग काय? राहू दे अर्धी."

नवरा गेल्यावर बाईनं घरातच काढायचे दिवस, त्यांना इद्दत म्हणतात. ते दिवस मला खायला उठत. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायचे, घासलेली भांडी पुन्हा घासायची, दारापर्यंत जायचं नि मागं फिरायचं. भावजय म्हणायची, "पायाला चक्र लागलंय हिच्या." भीती एकच होती. ते शब्द मी उच्चारले की तो पुसला जाणार. मी मागणार दुसरं काही, आणि तो खरोखरीचा गेलेला होणार. फुफी येऊन विचारायची, "आली का गं ओठावर?" एकदा मी तिच्यावर खेकसलेच. "अल्ला काय दुकानदार आहे? एक मडकं फुटलं, घे दुसरं?"

"हे त्यालाच विचार. नुसती तोंड फिरवून बसू नको."

"तुझी झाली का म्हणून?" मी विचारलं. तिचा नवरा आणि दोन्ही लेकरं एकाच पावसाळ्यात गेली होती, हे गावाला माहीत होतं.

तिनं हातातली चप्पल खाली ठेवली. "झाली. लई वर्षं लागली, पन झाली."

"मग काय मिळालं?"

"तू मिळालीस ना, करवादनारी," ती म्हणाली, माझ्या डोक्यात टपली मारली आणि निघालीसुद्धा.

पुढे कडावचं स्थळ आलं. बायको गेलेला, घरच्या म्हशींचं दूध कर्जतला घालणारा माणूस, पदरी सकीना नावाची एक लहान मुलगी. मला वाटलं हे फुफीचंच काम. तिला चांगलंच फैलावर घेतलं. "मी नाय गं बाई आनलं," ती म्हणाली, "मी तिथं पोरीकडं जाते फक्त." भावाच्या घरात किती दिवस काढायचे, म्हणून मी हो म्हटलं. खरं सांगते, मनातून हो नव्हतंच. निकाह झाला, गाडी कडावला निघाली, आणि वाटभर मला उडी मारून मागं पळावंसं वाटत होतं.

दारात फुफी आधीच हजर. एक चप्पल पायात. तिच्या लुगड्याआडून सकीनानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"फुफी, मी मागितली ती हीच काय?"

"हीच."

"पन ही तर रडते."

"तू नव्हतीस रडत?"

पोरीनं विचार केला. मग मला बजावलं, "मी आईहून चांगली नव्हती हां मागितली. मी म्हटलं, विंचरताना केस ओढत नाय अशी दे."

मी दाराशीच खिळले. तिकडे खालापुरात मी दात आवळून बसले होते, आणि इकडे ही चिमुरडी आईला जराही न विसरता रोज मला मागत होती! मला हसू आलं आणि रडूही आलं. तिथेच, उंबऱ्याबाहेर उभी राहून मी उरलेली अर्धी म्हटली. तो पुसला गेला नाही. आजही नाही.

"झाली बाई एकदाची!" फुफी म्हणाली. दुसरी चप्पल पायात सरकवून ती पाणीही न पिता भिसेगावच्या वाटेला लागली.

पुष्कळ वर्षांनी फुफी अल्लाघरी गेली तेव्हा खालापुरातलं तिचं खोपट बायकांनी भरून गेलं. बाहेर धोंडू डोक्याचं मुंडासं सोडून उभा होता. पहिली अर्धी सगळ्यांनी म्हटली. पुढची सांगणारी तीच, आता सुरुवात करणार कोण? बायका माझ्याकडे बघू लागल्या. मी तोंड उघडलं आणि पुन्हा दात आवळले. हिच्याहून चांगलं अल्लानं आणायचं तरी कुठून?

शेजारी सकीना होती, कडेवर तिचं लेकरू. तिनं माझा हात दाबला.

"म्हन ना, मा," ती हळूच म्हणाली. "मला मिळालं व्हतं."

मी म्हटली. माझ्यामागून सगळं खोपट म्हणालं.