नंबर काढून ठेवा

गेल्या हिवाळ्यात, दुपारच्या शिफ्टमध्ये, सातपूरच्या एका मशीन शॉपमध्ये वडिलांच्या जुन्या पद्मिनी गाडीच्या इंजिनाचा नंबर ग्राइंडरने घासून काढण्यात आला. काम स्वच्छ झालं होतं. बोट फिरवलं तर खरखरसुद्धा लागत नव्हती.

वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. गाडी त्यांनी नोकरीत असताना घेतली आणि दुसऱ्या कोणाला चालवायला दिली नाही, मलाही नाही. तिच्या नोंदणीची मुदत त्या महिनाअखेर संपत होती. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत न्यावी लागते. तिथला निरीक्षक इंजिनावरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी ताडून बघतो. नंबर जुळला नाही तर गाडी भंगारात. गाडी धूर इतका सोडायची की अशा अवस्थेत ती तपासणीत पास होणं शक्य नव्हतं, म्हणून इंजिन उघडलं.

पंचवटीतल्या मिस्त्रींनी ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, चारही झिजलेले सिलिंडर आतून मोठे करून घेण्यासाठी सातपूरला पाठवला. तो तीन सिलिंडर मोठे होऊन परत आला. सकाळच्या कारागिराची शिफ्ट तिसऱ्या सिलिंडरवर संपली होती. दुपारचा कारागीर एरवी तीन सिलिंडरच्या छोट्या गाड्यांची कामं करायचा. तीन झालेले दिसल्यावर त्याने ब्लॉक धुतला, तेल लावलं आणि बाजूला ठेवला. चौथं भोक कशासाठी आहे, असा प्रश्न त्याला पडला होता, पण त्याने तो कोणाला विचारला नाही.

ब्लॉक पुन्हा सातपूरला गेला. सोबत मिस्त्रींनी शॉपच्या मालकाला फोनवर आवाजी निरोप पाठवला. तो पुढे आम्ही सगळ्यांनी अनेकदा ऐकला, त्यामुळे शब्दांबद्दल वाद नाही. "शेठ, चौथा बोअर राहिलाय, तेवढा मारून द्या. आन् इंजिनाचा नंबर काढून ठेवा, आरटीओला लागतो."

नंबर गंजाखाली दबला होता. तो साफ करून, वर कागद धरून पेन्सिलने उतरवून घ्यावा, असं मिस्त्रींना म्हणायचं होतं. मालकाने कारागिराला सांगितलं, "नंबर काढायचाय."

"पूर्ण?" कारागिराने विचारलं.

"पूर्णच. अर्धा काढून काय उपयोग?"

ब्लॉक आणायला मी, वडील आणि मिस्त्री गेलो. चौथा सिलिंडर उत्तम झाला होता. मिस्त्रींनी ब्लॉकची बाजू पाहिली, मग दुसरी बाजू पाहिली, मग पुन्हा पहिली.

"नंबर कुठंय?"

"काढला," कारागीर म्हणाला.

"काढून ठेव म्हणलो व्हतो ना? मग ठेवला कुठं?"

कारागिराने ग्राइंडरखालच्या भुकटीकडे बोट दाखवलं.

मालक वडिलांना म्हणाला, "काका, काढणं म्हणजे काढणंच. लिहून घ्यायचा होता तर लिहून घ्या म्हणायचं."

"तू लग्नात फोटो काढतो तवा नवरानवरीला घासतो का रे?" मिस्त्रींनी विचारलं.

मालकाने तोडगा सुचवला. आरसी बुकात नंबर आहेच, आकडे ठोकायचे पंच आणि हातोडी शॉपमध्ये आहेत, दोन मिनिटांत पुन्हा ठोकून देतो. वडिलांनी नकार दिला. परवानगीशिवाय इंजिनावर नंबर ठोकणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी सांगितलं. मालक म्हणाला, नंबर तर खराच आहे. वडील म्हणाले, ठोकणाराही खराच धरला जाईल.

परवानगी मागायला गेलो तर आरटीओने आधी पोलिसांचं पत्र आणायला सांगितलं. पोलीस ठाण्यात आम्ही चौघं गेलो, मालकासह.

"इंजिन चोरीला गेलं?" हवालदारांनी विचारलं.

"नाही, इंजिन आहे," वडील म्हणाले.

"मग गेलं काय?"

"नंबर."

"कोणावर संशय?"

"संशय नाही. हे काय, इथे बसलेत."

मालकाने नमस्कार केला.

"मुद्दाम काढला?"

"सांगितलं म्हणून काढला, साहेब."

"कोणी सांगितलं?"

मिस्त्रींनी हात वर केला.

हवालदारांनी आवाजी निरोप लावायला सांगितला. तो दोनदा ऐकून त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावलं. त्याने एकदाच ऐकला आणि म्हणाला, "मी असतो तर मीपण घासला असता." त्यावर दोघांची चर्चा झाली. आम्हाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगण्यात आलं. तिथे मिस्त्री आणि मालक एकाच पुडीतले शेंगदाणे खात होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते.

पत्र मिळालं. आरटीओने नंबर पुन्हा ठोकायला लेखी परवानगी दिली. अट एकच होती, काम निरीक्षकांसमोर व्हावं. निरीक्षक सातपूरला आले. नंबर ज्याने काढला त्याच कारागिराने तो ठोकायला घेतला, कारण शॉपमध्ये पंच मारणारा तोच होता. निरीक्षक आरसी बुकातून एकेक आकडा वाचत होते. नऊ आला तेव्हा कारागिराने सहाचा पंच उचलला.

"थांबा. तो सहा आहे," निरीक्षक म्हणाले.

"उलटा धरला की नऊ होतो, साहेब. नऊचा वेगळा येतच नाही."

"वेगळा का येत नाही?"

"सहा आहे म्हणून."

निरीक्षकांनी पंच हातात घेतला, फिरवून पाहिला, परत दिला. ते वडिलांकडे बघत होते. वडील म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. वीज केंद्रातपण असंच होतं." कारागिराने पंच उलटा धरून हातोडी मारली. निरीक्षकांनी वाकून पाहिलं आणि पुढचा आकडा वाचला.

मिस्त्रींनी इंजिन जोडलं. ते दुसऱ्या प्रयत्नात सुरू झालं. धूर नव्हता. पिस्टनच्या नव्या रिंगा नीट बसेपर्यंत गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही, असं मिस्त्रींनी वडिलांना बजावलं. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात गाडी आरटीओत गेली. नंबर जुळला. नूतनीकरण मंजूर झालं.

वडिलांनी गाडी स्वतः चालवत घरी आणली. मी मोटारसायकलवर मागे होतो. पेठ रोडवर त्यांना द्राक्षांचे क्रेट भरलेल्या ट्रॅक्टरने ओव्हरटेक केलं.