समाधानम्

आमच्या घराण्यात पहिली बी.ए. मी. मुलींमधली पहिली नव्हे, मुलांसकट. हे मी दर वेळी सांगते आणि पुढंही सांगणार. पण ते बी.ए. एका चुकीच्या उत्तरामुळं झालं, हे थोड्यांनाच माहीत आहे.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले ते वर्ष. परभणीकडची आमची शेतं मुंबई राज्यात गेली. हैदराबादेत नल्लकुंट्यात ज्यांच्याकडं राहून मी शिकत होते, त्या मामांचं नाव तिकडं जाणाऱ्या कारकुनांच्या यादीत आलं. महिन्याभरात बिऱ्हाड हलवायचं होतं आणि माझी शेवटची परीक्षा पाच महिन्यांवर. वसतिगृह भरलेलं. वडलांचं पत्र आलं: मामांबरोबर निघून ये, स्थळ पाहून ठेवलंय.

वर्गातल्या एका तेलुगू मैत्रिणीनं मला रविवारी जामबागेतल्या तिच्या चर्चमध्ये नेलं. खरं सांगते, देवासाठी गेले नव्हते. तिथून पुढं एक खोली बघायला जायचं होतं. चपला बाहेर, सतरंजीवर बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, आणि भजनाला ढोलक न् टाळ. मैत्रीण गाणाऱ्यांत जाऊन बसली. मी मागं एकटी.

मग पुढून हातोहात काहीतरी येऊ लागलं. पाद्रींनी पहिल्या ओळीला दिलं, त्यांनी मागच्यांना, झुकून, दोन्ही हातांनी. प्रसाद, मी ओळखलं. डोक्यावरचा पदर सारखा केला, डाव्या हातावर उजवा ठेवून पंजा खोलगट केला आणि पुढं धरला. शेजारची पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी माझ्याकडं वळली. तिच्या हातात काहीच नव्हतं. तिनं आपला उजवा तळवाच माझ्या तळव्यावर ठेवला, वरून दुसऱ्या हातानं तो झाकला आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, “समाधानम्.”

आता मराठी माणूस याचा काय अर्थ घेईल? मला वाटलं, विचारतेय. समाधान आहे ना, बाई? आणि मला तोंडदेखलं बोलता येत नाही. मी म्हणाले, “नाही.”

चांगलं मोठ्यानं. पुढच्या दोघींनी वळून पाहिलं. म्हातारीला मराठी येत नव्हतं, पण ‘नाही’ कळायला मराठी कशाला लागतं? पुढचं अख्खं गाणं संपेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

बाहेर चपलांपाशी तिनं मला गाठलं. “नहीं बोली सो, क्या नहीं?” मैत्रीण पोट धरून हसत होती. समाधानम् म्हणजे त्यांच्या उपासनेत शांती. तो प्रश्न नव्हताच, ते देणं होतं. मी घेऊन गप्प बसायचं होतं. मी लाजेनं अर्धी झाले, पण आता सुरुवात झालीच होती, म्हणून यादी, परीक्षा, स्थळ, सगळं सांगून टाकलं. म्हातारी हसली नाही. दवाखान्यात सुईण म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, विधवा, चर्चच्या मागंच दोन खोल्यांत एकटी राहायची. म्हणाली, एक खोली तुझी.

संध्याकाळी मामा चौकशीला आले. आमची जात माहीत आहे का, यात तुमचा फायदा काय, पोरीला बाटवणार तर नाही ना, सगळं तोंडावर विचारलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हात में हात लेको समाधानम् बोली मैं, साब. अब इसकू सड़क पो छोड़ी तो मेरा बोला सो झूट हो जाता ना?”

तिनं चहा पुढं केला. त्या घरचा चहा मामा घेतील असं मला वाटलं नव्हतं. घेतला. वडलांना पत्रही त्यांनीच लिहिलं.

पाच महिने राहिले, तिला अम्मा म्हणत. आमची तुळजाभवानी माझ्या कोनाड्यात होती, अम्मा रोज तिथलीही धूळ पुसायची. चर्चला चल असं एकदाही म्हणाली नाही, पण मीच जायचे, त्या हातोहात येणाऱ्या क्षणासाठी. शेजारी कोण येऊन बसेल सांगता यायचं नाही! आंध्रची राजधानी कर्नूलहून इकडं हलली, तिथले नवे कारकून शहरात आले होते. आमच्या जागा खायला आलेत, असं सगळे म्हणायचे, मीसुद्धा. एका रविवारी त्यांच्यातल्या एकाची बायको माझ्या शेजारी. नवी नवरी, जेमतेम माझ्या वयाची. तिचा हात घामानं ओला होता. समाधानम् म्हटलं आणि त्यानंतर तिच्या नवऱ्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी तिला भाजीबाजार दाखवायला घेऊन गेले.

निकाल पेपरात आला. माझा नंबर होता! मी पेढ्यांचा पुडा घेऊन जवळजवळ पळतच घरी आले. अम्मा दारातच उभी. तिनं डोक्यावर पदर ओढला, डाव्या हातावर उजवा ठेवला आणि माझी नक्कल करत खोलगट पंजा पुढं धरला. मी त्यात पेढा ठेवला.

“समाधानम्?” तिनं विचारलं. या वेळी खरंच विचारलं.

“हौ अम्मा,” मी म्हणाले. “है.”