न मरणारे पेन्शनर

आमच्या दवाखान्यासमोर राहणाऱ्या पेन्शनरकाकांइतका स्वतःच्या जिवाला जपणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. कचेरीतली कारकुनी संपवून ते सेलूला येऊन राहिले, आणि तेव्हापासून जिवंत राहणे हा त्यांचा एकच धंदा होता. नोकरीही त्यांनी इतकी मन लावून केली नसावी. मी तिथला सरकारी डॉक्टर. सकाळी आठला खरे आजारी लोक बाकावर कण्हत बसलेले असत आणि हे ठणठणीत गृहस्थ पहिला नंबर लावून मनगट पुढे करत. "पाहा बरं डाक्टरसाहेब, बराबर चालून राह्यली का?" नाडी बरोबर आहे म्हटले की उठून चालू लागत. आभार वगैरे मानायची पद्धत त्यांच्या घरी नव्हती.

प्रवासी मोटारीत ते बसत नसत, कारण ड्रायव्हर तरणा असतो. पेन्शन आणायला वर्ध्याला जायचे ते आगगाडीने, आणि तेही मधल्या डब्यातून. टक्कर झालीच तर पुढचे आणि मागचे मरतात, अशी त्यांची पक्की समजूत. लग्नाच्या पंगतीत बसून घरून आणलेली अर्धी भाकर खात आणि वरणाच्या बादलीकडे संशयाने पाहत. मयतीला तर पाऊल टाकत नसत. शेजारचे पाटील वारले तेव्हा यांनी काकूंना पाठवले आणि स्वतः खिडकी लावून घेतली. संध्याकाळी मला गाठून विचारतात, "कायनं गेले? थंडीनं का जेवनानं?" मी थंडीनं म्हटले, तर दुसऱ्या दिवशी गळ्यात दोन मफलर!

पुढे आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, आणि आमची राजधानी नागपूरची मुंबई झाली. हॉटेलाहॉटेलांत वाद रंगले, लोक एकमेकांच्या अंगावर धावून गेले. काकांनी मात्र दोन दिवस अन्न सोडले. "नागपूरवाल्याच्या दप्तरात माह्यं नाव होतं. मुंबईवाल्याले मी कोन?" देशाचा नकाशा बदलत होता आणि या माणसाला पडली होती ती आपल्या कागदाची. तिसऱ्या दिवशी वर्ध्याच्या त्याच खिडकीतून त्याच बाबूने पेन्शन दिले, तेव्हा कुठे ते घरी येऊन जेवले. मला त्यांचा अगदी तिटकारा येई. मूल नाही, बाळ नाही, मागे कसला पसारा नाही, आणि मरणाची एवढी धास्ती!

पेन्शनर हयात आहे, असे वर्षातून एकदा कोणा अधिकाऱ्याने लिहून द्यावे लागते. तो कागद घेऊन ते एकदा आले, तेव्हा दवाखाना भरलेला होता आणि माझी जीभ मोकाट सुटली. "काय लिहू काका? हा इसम जिवंत आहे, आणि त्याशिवाय दुसरं काहीही करत नाही, असं लिहू?" बाकावरचे लोक हसले. काका रागावले नाहीत. बाकीचे जाईपर्यंत थांबले आणि मग हळूच म्हणाले, "आमच्या हेडक्लार्कची बायको पाह्यली तुमी? पवनारले भाच्याकडे राह्यते. ह्या वयात लोकायचं दळन दळून राह्यली. नवरा गेला का पेन्शन बंद, बाईले काईच भेटत नाई. आमच्या हिले तर भाचाबी नाई. म्हनून मी मरत नाई, डाक्टरसाहेब."

नवऱ्याबरोबर बायकोला जाळू नये, असा कायदा आहे. तिची भाकर मात्र त्याच्या चितेवर खुशाल जळत होती, आणि सरकारी नोकरीत असून मला याचा पत्ता नव्हता. मी सही केली. लाज वाटली, पण तसे त्यांना सांगितले नाही.

त्यांचे सगळे गणित चुकले ते एकाच ठिकाणी. आपण आधी जाणार, असे धरून त्यांनी जन्मभर स्वतःला जपले. काकूंना जपायचे राहूनच गेले. त्या वर्षी पौषात काकूंना न्यूमोनिया झाला. मी होते नव्हते ते सगळे औषध दिले, पण तीन दिवसांत त्या गेल्या.

पुढच्या महिन्यात काका वर्ध्याला गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही महिन्यात नाही. मी घरी गेलो तर ओसरीवर उघड्या अंगाने बसलेले.

"काका, पेन्शन आणायला काऊन नाई गेले?" मी त्यांच्याच बोलीत विचारले.

"ते आमचं दोघायचं होतं," ते म्हणाले. "आता मी एकट्यानं कसं खाऊ?"

मनगट धरायला मी हात पुढे केला, तर त्यांनी तो हळूच बाजूला सारला. इतकी वर्षे मी या माणसाला भित्रा समजत आलो. माझी चूक झाली, हे त्यांना त्याच वेळी सांगायला हवे होते. मी हवापाण्याचे बोलून परत आलो.

उन्हाळा सरायच्या आत ते गेले. दुखणे कसलेच नव्हते. सरकारी कागदावर मृत्यूचे कारण लिहावेच लागते, म्हणून मी 'वार्धक्य' असे लिहिले. ते खरे नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होते.