ड्रमशिवायचं शेवटचं गाणं

आमच्या बँडचा पहिला अल्बम कुणी ऐकला नाही. नातेवाईक "छान आहे हो" म्हणाले, म्हणजे त्यांनीही ऐकला नाही. दुसरा मात्र आम्ही हट्टानं करायला घेतला. बोईसरच्या कारखान्यांशेजारी, सालवडला एका गाळ्याच्या भिंतींना जुन्या गाद्या बांधल्या आणि त्यालाच स्टुडिओ म्हणू लागलो. शेजारच्या गाळ्यात प्रेस मशीन, दिवसभर धाडधाड. त्यामुळे रेकॉर्डिंग फक्त शुक्रवारी, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी.

अडचण अशी, की आमचा ड्रमर ठेकेदाराकडं कामाला होता आणि कारखान्यातल्या टाक्या धुतात त्याही सुट्टीच्याच दिवशी. मशीन बंद असली की हा कामावर, हा मोकळा असला की मशीन चालू. दात आहेत तर चणे नाहीत. तरी एकेक शुक्रवार पळवत एक सोडून सगळी गाणी झाली. शेवटच्या गाण्याचे फक्त त्याचे ड्रम राहिले होते.

त्याला सुपरवायझरचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं बोईसर स्टेशनबाहेर वडापाव खात होतो. "कल आ जा, दो घंटे का काम है." त्यानं माझ्याकडं बघून डोळा मारला. "दुपारपर्यंत येतो. माइक लावून ठेव."

मी लावून ठेवले.

टाकीत विषारी वायू साठला होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. आम्हाला गेटच्या आतही सोडलं नाही. अजून तिथून जाताना मला दगड उचलावासा वाटतो.

पुढं आमच्यात भांडण झालं. मी म्हणालो, पालघरचा एखादा ड्रमर बोलवू, ठेका मला पाठ आहे, मी त्याला शिकवतो, पण याचं गाणं अर्धवट ठेवायचं नाही. आमची गायिका म्हणाली, त्याची जागा रिकामीच राहू दे. बाकीचे तिच्या बाजूचे. मी आठवडाभर डोकं फोडलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. अल्बम तसाच निघाला. मुंबईच्या कुणा समीक्षकानं लिहिलं, शेवटच्या गाण्यातली शांतता धाडसी आहे. डोंबलाचं धाडस! आमचा माणूस मेला होता.

त्याच आठवड्यात मी त्याच्या आईकडं गेलो. ती तारापूरच्या किनाऱ्याला राहते, सुकी मासळी विकते. ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. मी फोनवर एकेक गाणं लावत गेलो.

"याच्यात माजा पोर कुठला?"

मी बोटानं ठेका धरून दाखवला. कळल्यावर तिची मान हलायला लागली.

"घरात ताटावर पण असाच ठोकायचा. मी वरडायची."

मग शेवटचं गाणं लागलं. ती वाट बघत राहिली.

"आता कुठं हाय तो?"

"यात नाय, मावशी. त्याचं वाजवायचं राहिलं."

"काय वाजवनार होता?"

मला हेच तर हवं होतं. शेजारची परात पालथी घातली आणि वाजवू लागलो. अगदी त्याचाच ठेका, कुठंही चूक नाही. दोन-चार ठोके झाले असतील नसतील, तिनं मासळीच्याच हातानं माझं मनगट धरलं.

"नको. हा तुजा हात हाय."

फोनवर गाणं चालूच होतं. ते संपेपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही.